खर्जा, लिपी आणि वाङ्मयेतिहासाची मालकी

१

कोणत्याही भाषेचा वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्याला आरंभाचा प्रश्न टाळता येत नाही. पहिला ग्रंथ कोणता, पहिला कवी कोण, पहिले गीत कोणाच्या तोंडचे, हे प्रश्न वरवर पाहता कालनिर्णयाचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरात त्या वाङ्मयावर अधिकार कोणाचा मानावयाचा याचाही निर्णय दडलेला असतो. मध्ययुगीन स्पॅनिश साहित्याच्या क्षेत्रात विसाव्या शतकात या प्रश्नावरून जी प्रदीर्घ चर्चा झाली, ती मराठीच्या अभ्यासकांनीही लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. एका भाषेचे वाङ्मय दुसऱ्यांच्या लिपीत, दुसऱ्यांच्या कवितेच्या शेपटाशी टिकून राहू शकते. आणि ते हाती आल्यावर विद्वानांची इच्छा अक्षरांच्या पुढे धावू शकते, हे दोन्ही धडे या चर्चेत एकत्र सापडतात.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. इ. स. ७११ मध्ये मुसलमान सैन्य आयबेरियन द्वीपकल्पात उतरले आणि १४९२ मध्ये ग्रानादाचे राज्य बुडाले. या कालखंडात मुसलमानी अमलाखाली असलेल्या प्रदेशाला अल्-अंदलुस हे नाव होते. तेथे अभिजात अरबी ही विद्येची व राजदरबाराची भाषा होती. बोलण्यात स्थानिक अरबी होती. लॅटिनपासून निघालेली रोमान्स बोलीही घराघरांत व बाजारात चालू होती. आणि ज्यू समाजाच्या धर्मकार्याची व काव्याची भाषा हिब्रू होती. उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांत कास्तीलियन भाषा आकार घेत होती. पुढे हीच स्पॅनिश म्हणून प्रतिष्ठित झाली.

स्पॅनिश वाङ्मयाचा आरंभ सांगताना अभ्यासकांची दृष्टी स्वाभाविकपणे उत्तरेकडे वळत असे. ‘कांतार दे मिओ सिद’ हे वीरकाव्य हा तिचा मानबिंदू होता. रामोन मेनेंदेस पिदाल यांनी या काव्याचा काळ ११४० च्या सुमाराचा ठरविला होता. उपलब्ध हस्तलिखितातील समाप्तिलेखात १२०७ या सालाचा निर्देश येतो, आणि पुढे अनेकांनी काव्याचा काळ त्या सालाच्या जवळ आणला. भावगीताच्या बाबतीत मात्र कास्तीलियनपाशी इतकी जुनी सामग्री नव्हती. गालिसियन-पोर्तुगीज भाषेतील, स्त्रीच्या तोंडी घातलेली प्रियकरविषयक गीते तेराव्या शतकात बहराला आली. दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर कवींपैकी ज्याची रचना आज उपलब्ध आहे असा पहिला कवी, आक्वितेनचा नववा गियोम, ११२६ मध्ये मरण पावला. युरोपीय भावकाव्याची कथा त्याच्यापासून सांगितली जात असे.

२

१९४८ मध्ये या चित्राला धक्का बसला. सॅम्युअल स्टर्न या हिब्रू व अरबी भाषांच्या तरुण अभ्यासकाने ‘अल्-अंदलुस’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता हिब्रू मुवश्शहांच्या अखेरच्या ओळी.

मुवश्शह हा अंदलुसमध्ये उदयाला आलेला, कडव्यांचा व आवर्तनाने येणाऱ्या यमकांचा काव्यप्रकार होय. त्याचा देह अभिजात अरबीत, आणि ज्यू कवींनी तो स्वीकारल्यावर हिब्रूत, रचला जाई. अखेरच्या कडव्याच्या शेवटी मात्र भाषेची पातळी एकदम बदले. तेथे बोलीतले, बहुधा एखाद्या तरुणीच्या तोंडी घातलेले दोन-चार चरण येत. या भागास खर्जा, म्हणजे बाहेर पडणे, निर्गमन, असे म्हणत. बाराव्या शतकातील इब्न बस्साम या अंदलुसी ग्रंथकाराने असे नोंदविले आहे की, कवी बोलीतील वचन घेऊन त्याच्या पायावर मुवश्शह उभारीत. इजिप्तमधील इब्न सना अल्-मुल्क यानेही खर्जा कवीने आधी मनाशी ठरवावी असे सांगितले आहे. म्हणजे वाचकाला जे शेवटी भेटते ते रचनेच्या दृष्टीने पहिले.

बहुतेक खर्जा बोलीतील अरबीत आहेत. काही हिब्रू कवितांच्या अखेरीस मात्र अशा ओळी होत्या की त्या ना हिब्रू लागत ना अरबी. संपादकांना त्या दुर्बोध वाटत. स्टर्नने वीस हिब्रू मुवश्शहांच्या अखेरी एकत्र केल्या आणि दाखविले की हिब्रू अक्षरांत लिहिलेली ती भाषा रोमान्स आहे. यहूदा हालेवीसारख्या ज्यू महाकवीच्या रचनेत स्थानिक बोलीचे शब्द आहेत याची जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मेनेंदेस इ पेलायो यांना होती. १९१२ मध्ये हुलियान रिबेरा यांनी अंदलुसमध्ये रोमान्स भाषेतील गीतपरंपरा असली पाहिजे असा तर्कही मांडला होता. तर्काला आधार मिळाला तो स्टर्नच्या निबंधाने. यांतील सर्वांत जुनी कविता अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे गियोमच्या जन्मापूर्वीची आहे.

परिणाम मोठा झाला. १९४९ मध्ये दामासो आलोन्सो यांनी या गीतांना युरोपीय भावकाव्याचा लवकर उमललेला वसंत म्हटले. त्याच वर्षी फ्रान्सिस्को कांतेरा यांनी हिब्रू खर्जांच्या वाचनात सुधारणा सुचविल्या. १९५२ मध्ये एमिलिओ गार्सिया गोमेस यांनी अरबी मुवश्शहांतील चोवीस रोमान्स खर्जा पुढे आणल्या, आणि १९६५ मध्ये अरबी मालिकेचा सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. पाठ्यपुस्तकांतून खर्जा कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर जाऊन बसल्या. स्पॅनिश भावगीताचा आरंभ शतकाहून अधिक मागे गेला.

३

येथवरची कथा विजयाची आहे. पुढची कथा अधिक उद्बोधक आहे; आणि आपल्या वर्गांतून शिकविली जावी ती हीच.

खर्जा ज्या लिपींत लिहिल्या गेल्या त्या अरबी व हिब्रू लिपी प्रामुख्याने व्यंजनांच्या आहेत. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. अरबीत टिंबे गळली किंवा सरकली तर एका अक्षराचे दुसरे अक्षर होते. आपल्याकडे मोडीचा कागद वाचणाऱ्यास ऱ्हस्व-दीर्घाचा आणि शब्दतोडीचा जो त्रास होतो, त्याच्या कित्येक पट अधिक हा त्रास आहे. त्यात भर अशी की अरबी मालिकेच्या ज्या प्रती उपलब्ध आहेत त्या बऱ्याच उत्तरकालीन असून, रोमान्स बोली ज्यांना अवगत नव्हती अशा लेखकांच्या हातून उतरल्या आहेत. अर्थ न कळता अक्षरे उतरविणाऱ्याच्या लेखणीतून काय निसटते हे पोथ्या हाताळणाऱ्यांस सांगावयास नको.

अशा सामग्रीचे वाचन म्हणजे पुनर्रचनाच. पुनर्रचना करताना संशोधकाच्या मनात आधीच एक गीत वाजत असते. येथे गालिसियन गीतांतील आईपाशी गाऱ्हाणे सांगणारी मुलगी ओळखीची होती. कास्तीलियन लोकगीतांची लय कानांत होती. व्यंजनांच्या सांगाड्यावर स्वर चढविताना त्या मुलीचा आवाज व ती लय नकळत उतरली. १९७३ मध्ये रिचर्ड हिचकॉक यांनी या पुनर्रचनांविषयी जाहीर शंका उपस्थित केल्या. १९८८ मध्ये ॲलन जोन्स यांनी अरबी मुवश्शहांतील रोमान्स खर्जांची जी आवृत्ती काढली तिची पद्धत मला आदर्श वाटते. त्यांनी हस्तलिखितांची छायाचित्रे दिली, अक्षर न् अक्षर लिप्यंतरित केले, आणि कोणते वाचन निश्चित, कोणते संभाव्य, कोणते केवळ अटकळीचे हे उघड केले. पुष्कळ प्रसिद्ध ओळींचे देखणे रूप त्या उजेडात विरघळले. मागाहून फेदेरिको कोरियेंते यांनीही अनेक ठिकाणी रोमान्स समजल्या गेलेल्या शब्दांत अंदलुसी अरबी ओळखली. खर्जांचा छंद मूळ रोमान्स आघातांवर बेतलेला की अरबी वृत्तपरंपरेचाच विस्तार, हाही वाद दीर्घकाळ चालला.

या संशयवादाचा अतिरेकही झाला. खर्जांतील रोमान्स अंश जवळजवळ नाकारण्यापर्यंत जाणे हे पुराव्याला धरून नाही. हिब्रू मालिकेतील काही वाचने भक्कम आहेत, आणि अरबी व रोमान्स शब्द एकाच ओळीत मिसळलेले असणे हेच तर त्या समाजाच्या बोलण्याचे वास्तव रूप होते. पण हे मिश्रण नेमके कोणाला नको होते? ज्यांना शुद्ध स्पॅनिश गीत हवे होते त्यांना त्यातील अरबी खुपत होती. ज्यांना निर्भेळ अरबी काव्य हवे होते त्यांना रोमान्स खुपत होती. खर्जेने दोघांचीही सोय पाहिलेली नाही.

४

या वादाची दुसरी बाजू नामकरणाची आहे. या बोलीला व पर्यायाने या गीतांना दीर्घकाळ ‘मोझाराबिक’ म्हटले गेले. मोझाराब म्हणजे मुसलमानी अमलाखाली राहणारे, अरबी रीतिभाती उचललेले ख्रिस्ती. आता पाहा: ज्या कवींनी खर्जा आपल्या मुवश्शहांत बसविल्या ते मुसलमान आणि ज्यू होते. रोमान्स बोली अंदलुसमध्ये तिन्ही धर्मांच्या लोकांच्या तोंडी होती. तरीही एका विशेषणाने त्या गीतांचा मालक ख्रिस्ती ठरला. कोणी कट केला असे नाही. रोमान्स ही ख्रिस्त्यांची, अरबी मुसलमानांची व हिब्रू ज्यूंची, ही मनातली वाटणी इतकी स्वाभाविक वाटत होती की तिची तपासणी करण्याची गरजच भासली नाही. भाषा आणि धर्म यांचे समीकरण गृहीत धरले की पारिभाषिक संज्ञा आपोआप पक्षपाती होते. अलीकडे अनेक भाषाशास्त्रज्ञ या बोलीला अंदलुसी रोमान्स म्हणणे पसंत करतात, ते यासाठी.

स्टर्नचा निबंध ज्या वर्षी आला त्याच १९४८ साली अमेरिको कास्त्रो यांचा स्पेनच्या इतिहासावरील ग्रंथ ब्वेनोस आयरेस येथे प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती, मुसलमान व ज्यू यांच्या सहजीवनातूनच ‘स्पॅनिश’ म्हणून जे काही आहे ते घडले, असा त्यांचा सिद्धांत होता. १९५६ मध्ये क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांनी तितक्याच मोठ्या ग्रंथाने त्यास उत्तर दिले. स्पॅनिश स्वभाव इस्लामच्या आगमनापूर्वीच घडलेला होता, अरबांचा प्रभाव त्याच्या मुळाशी पोहोचला नाही, अशी त्यांची भूमिका. दोघेही यादवी युद्धामुळे देशाबाहेर गेलेले. हरवलेला देश म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दोघांनाही जाळीत होता. मध्ययुगाविषयीच्या त्यांच्या वादात विसाव्या शतकाची जखम बोलत होती हे ध्यानी घेतले, तर त्या ग्रंथांची थोरवी आणि मर्यादा दोन्ही उमगतात.

कास्त्रोप्रणीत सहजीवनाची कल्पना पुढे विशेष लोकप्रिय झाली. मरिया रोसा मेनोकाल यांच्या २००२ च्या ग्रंथाने अंदलुसचे सहिष्णु चित्र सामान्य वाचकांपर्यंत नेले. दुसऱ्या टोकाला, ते चित्र म्हणजे केवळ दंतकथा आहे असे सांगणारे ग्रंथही निघाले. माझ्या मते खर्जा या दोन्ही पक्षांच्या उपयोगाची नाही. सर्वांत जुनी समजली जाणारी रोमान्स खर्जा ज्या हिब्रू कवितेत आहे, ती ग्रानादाच्या राज्यातील थोर ज्यू वजीर शमुएल इब्न नग्रेला व त्याचा भाऊ यांच्या गौरवार्थ रचलेली आहे. त्याच शमुएलचा पुत्र योसेफ १०६६ मध्ये ग्रानादा येथील दंगलीत मारला गेला, आणि त्याच्याबरोबर तेथील ज्यू वस्तीवर हत्याकांड कोसळले. ज्या शहरात एका समाजाचा कवी दुसऱ्याच्या काव्यप्रकारात तिसऱ्याची मानली गेलेली बोली गुंफीत होता, त्याच शहरात हे घडले. भाषा समाईक असली म्हणून मने समाईक असतात असे नाही; आणि मने दुभंगली म्हणून समाईक भाषेचा पुरावा खोटा ठरत नाही. डेव्हिड निरेनबर्ग यांनी १९९६ मधील ग्रंथात, चौदाव्या शतकातील आरागॉनच्या राज्यात हिंसा आणि सहअस्तित्व यांची वीण एकमेकांत कशी गुंतलेली होती, हे दाखविले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकानेही हीच अवघड भूमी सोडू नये.

५

खर्जांत रोमान्स भाषा अरबी कवितेच्या टोकाला टिकली. याच्या नेमके उलट टोक मोरिस्कोंच्या वाङ्मयात दिसते. ग्रानादा पडल्यानंतर सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हणत. त्यांच्यातील अनेकांची, विशेषतः आरागॉन व कास्तील भागांतील लोकांची, अरबी विसरून गेली होती. ते बोलत रोमान्स, पण लिहीत ती अरबी लिपीत. या लेखनाला अल्हामियादो म्हणतात. १५६७ च्या राजाज्ञेने ग्रानादाच्या मोरिस्कोंना अरबी भाषा व लिपी यांची बंदी करण्यात आली. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना देशातून घालवून देण्यात आले. १८८४ मध्ये सारागोसा प्रांतातील आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एका जुन्या घराचे काम चालले असता जमिनीखालच्या लपविलेल्या पोकळीत पोथ्यांचा मोठा साठा सापडला. काही पोथ्या ओळख पटण्याआधीच नष्ट झाल्या. उरलेल्यांची सूची रिबेरा व मिगेल आसिन यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केली.

या परंपरेतील ‘युसुफचे काव्य’ पाहिले की वाङ्मयेतिहासाच्या ठरावीक कप्प्यांची अडचण लक्षात येते. विषय कुराणातील, भाषा रोमान्स, लिपी अरबी, आणि कडव्याचा बंध मात्र कास्तीलमधील ख्रिस्ती पंडितकवींनी रूढ केलेला. ही रचना कोणत्या इतिहासात बसवावी? स्पॅनिश वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ती बराच काळ परिशिष्टात ठेवली, आणि अरबी वाङ्मयाच्या इतिहासकारांना ती आपली वाटण्याचे कारण नव्हते. आपण ज्याला परिशिष्ट म्हणतो ते पुष्कळदा आपल्या व्याख्येचे अपयश असते.

६

मराठीच्या विद्यार्थ्याला हे सर्व परके वाटू नये. महानुभावांचे ग्रंथ सकळ व अन्य सांकेतिक लिपींत बंद होते तोवर मराठी गद्याच्या आरंभाविषयी आपल्या इतिहासकारांची कल्पना वेगळी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली राजवाडे, भावे आदींच्या प्रयत्नांनी हाती आली आणि ‘लीळाचरित्रा’ने आरंभाचे चित्र पालटले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. मंगळूरची १९०७ ची आवृत्तीही रोमनच होती. देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये निघाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील पोथी देवनागरीत आहे, आणि तिच्या व रोमन पाठाच्या शब्दकळेत फरक असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. आपण बहुधा देवनागरी मुद्रित प्रत उघडतो आणि मूळ पाठच वाचतो आहोत असे समजतो. परकी अक्षरे मराठी ध्वनींत वळविताना घेतलेले निर्णय आपल्या नजरेआड राहतात. स्पेनमध्ये जोन्स यांनी जे उघड केले ते आपल्याकडेही उघड होण्याची गरज आहे.

यावर आक्षेप येईल की, इतक्या लिपी व भाषा एका प्राध्यापकाने कशा शिकाव्यात? आक्षेप रास्त आहे. पण स्पॅनिशच्या उदाहरणात त्याचे उत्तरही आहे. खर्जांचा शोध लावणारा स्टर्न रोमान्स भाषांचा पंडित नव्हता, आणि ज्यांनी त्या शोधाचा गौरव केला त्यांतील अनेकांना हिब्रू येत नव्हते. चुका झाल्या त्या एकाने दुसऱ्याचे वाचन तपासल्याशिवाय उचलले तेव्हा. प्रगती झाली ती दोन विद्याशाखांनी एकमेकींसमोर अक्षरे मांडली तेव्हा. म्हणून प्रत्येकाने सर्व काही शिकावे असा माझा आग्रह नाही. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात निदान एक जुनी लिपी सक्तीची असावी, आणि शेजारच्या एका भाषेची, मग ती फारसी असो, कन्नड असो वा पोर्तुगीज असो, तोंडओळख ऐच्छिक म्हणून उपलब्ध असावी. संपादित पाठांत मूळ अक्षरांचे लिप्यंतर आणि संपादकाचे वाचन शेजारी शेजारी छापले जावे, आणि संशयाची जागा संशयाची म्हणूनच दाखविली जावी. पीएच. डी. च्या प्रबंधात ‘आद्य’ हे विशेषण वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने एक प्रश्न अवश्य विचारावा: हे आद्यत्व अक्षरांनी सांगितले, की आपल्याला ते हवे होते?

खर्जेचे मोल ती सर्वांत जुनी आहे यात मी मानीत नाही. उद्या आणखी जुने काही सापडेल, किंवा आजची काही वाचने टिकणार नाहीत. तिचे मोल यात आहे की, एका कवितेत तीन समाजांची हस्तमुद्रा एकत्र उमटलेली असून तीतून कोणाचीही एकाची मालकी सिद्ध करता येत नाही. वाङ्मयेतिहासकाराला हे गैरसोयीचे असले तरी त्याने ते तसेच नोंदविले पाहिजे. ज्या दिवशी आपले इतिहासग्रंथ अशा गैरसोयीच्या रचनांना परिशिष्टातून काढून मुख्य प्रकरणात जागा देतील, त्या दिवशी आरंभाविषयीचे आपले वाद थांबतील असे नाही. पण ते वाद निदान समोरच्या अक्षरांविषयी होतील.